वाशिम जिल्ह्यावर नोटा अंथरल्या तर

पाचशेची नोट १५ सेंटीमीटर लांब आणि ६.६ सेंटीमीटर रुंद असते. वाशिम जिल्ह्याचं क्षेत्रफळ ४,८९८ चौरस किलोमीटर. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत शेत, धुरा, रस्ता, तळं, घराचं छप्पर असं काहीही न सोडता या नोटा एकीला एक लावून अंथरायच्या ठरवल्या, तर सुमारे ४९,५०० कोटी नोटा लागतील. त्यांची किंमत होते २४७ लाख कोटी रुपये.

८ एप्रिल २०२४ रोजी मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्या कंपन्यांची मिळून किंमत पहिल्यांदाच ४०० लाख कोटी रुपयांच्या वर गेली. म्हणजे जिल्हा एकदा पुरता झाकून झाल्यावर दुसरा थर घालायला घ्यायचा, आणि तोही निम्म्याहून जास्त जिल्ह्यावर पुरेल. या नोटा मोजायला कोणी बसवला, सेकंदाला एक नोट, मध्ये झोप नाही की जेवण नाही, तर त्याला २५ हजार वर्षं लागतील. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्मातून, म्हणजे आजच्या वाशिममधून, राज्य करत होती. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या काळात एखादा कारकून मोजणीला बसला असता, तर आजवर शेकडा सहा नोटा मोजून झाल्या असत्या.

असे आकडे ऐकले की माणूस दोनपैकी एक करतो. ‘हे आपलं काम नाही’ म्हणून पाठ फिरवतो, नाहीतर यातला दहा लाखावा हिस्सा आपल्याकडे वळला तर काय बहार होईल, या विचारात रमतो. दोघंही मनातल्या मनात गुणाकारच करत असतात. शेअर आणि रोखे समजून घ्यायला खरं तर भागाकार लागतो. समोरचा आकडा किती माणसांत वाटायचा, किती वर्षांत, किती नफ्यावर, किती महागाईवर, एवढं विचारता आलं की नवशिक्याचं निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं म्हणजे उत्तर आवडलं नाही तरी ते मानणं, आणि ते जास्त अवघड आहे.

तर भागून पाहू. ४०० लाख कोटी भागिले १४० कोटी माणसं: माणशी २ लाख ८६ हजार. पाच माणसांच्या घराला चौदा लाख. एक ट्रॅक्टर आणि वर थोडी अवजारं. सहा तालुके झाकणारा ढीग भागाकाराच्या एका फटक्यात अंगणात मावला. अर्थात ही नुसती सरासरी. देशात शेअर ठेवायची डिमॅट खाती १० कोटींवर गेली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, आणि राष्ट्रीय शेअर बाजाराकडे नोंदलेले वेगवेगळे गुंतवणूकदार १० कोटी झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. चौदा माणसांत एक. उरलेल्या तेरांच्या अंगणात यातलं थेट काहीच नाही.

शिवाय हा ढीग कुठल्या तिजोरीतही नाही. बाजार समितीच्या यार्डात सकाळच्या हर्रासीत दहा पोती सोयाबीन पाच हजारांनी गेलं, म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात पडून असलेल्या सोयाबीनची किंमत कोणी पाच हजारांनी लावली, तर कागदावर मोठा आकडा दिसेल. पण सगळ्यांनी एकाच दिवशी माल यार्डात आणला तर तो भाव राहणार नाही, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. कंपनीचं बाजारमूल्य अगदी असंच काढतात: शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले कंपनीचे सगळे शेअर. त्या दिवशी हात बदललेले शेअर त्यातले मूठभर असतात.

म्हणूनच ‘गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले’ ही बातमी वाचताना घाबरण्याआधी भागावं. २३ मार्च २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीच्या तोंडावर, मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडला आणि एका दिवसात सुमारे १४ लाख कोटींचं बाजारमूल्य गेलं. ते कोणी घरी नेलं नाही, वरच्या गुणाकारातला भाव बदलला एवढंच. अंकांपेक्षा टक्का बघायचा, आणि तो होता १३.१५. हर्षद मेहता या शेअर दलालाचा घोटाळा उघडकीला आल्यावर २८ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला, तेव्हा त्या ५७० अंकांत १२.७७ टक्के होते. दोन्ही दिवस जवळजवळ सारखेच वाईट. सेन्सेक्स ८० हजारांवर असताना तेच ५७० अंक पडले तर पाऊण टक्काही होत नाही, पण वाहिन्यांवरचा लाल रंग तेवढाच गडद असतो.

शेअर म्हणजे मालकीचा तुकडा, रोखा म्हणजे दिलेल्या कर्जाचा कागद. शेअरवाल्याला नफ्यातला वाटा मिळतो आणि तोट्यातलाही. रोखेवाल्याला ठरलेलं व्याज आणि मुदत संपल्यावर मुद्दल. व्याख्या इतकी लहान आहे की तिने काहीच कळत नाही. पण वाशिमचा इतिहास हा फरक फार चांगला समजावतो, कारण हा सगळा मुलूख एकदा कर्जापोटी लावून दिला गेला होता.

निजामाच्या नावाने आणि निजामाच्या खर्चाने, पण इंग्रजांच्या हुकमात, हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिच्या पगाराची थकबाकी साचत गेली. ती वसूल करायला ईस्ट इंडिया कंपनीने २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. वाशिम, तेव्हाच्या इंग्रजी कागदांतलं ‘बासिम’, त्यातच आलं. मालकी निजामाची, वसुली कंपनीची. १८५७ मध्ये निजामाने साथ दिली म्हणून १८६० मध्ये इंग्रजांनी ५० लाखांची बाकी सोडून दिली, काही मुलूखही परत केला, पण कापसाचं वऱ्हाड काही परत केलं नाही. मग १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सहाव्या निजामाकडून, मीर महबूब अली खानाकडून, नवा करार करून घेतला. वऱ्हाड कायमच्या मक्त्याने इंग्रजांकडे आणि बदल्यात निजामाला दरसाल २५ लाख रुपये.

पंचवीस लाख! १९०२ मध्ये हा आकडा ऐकून डोळे दिपले असतील. भागून बघा. १९०१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती साडेसत्तावीस लाख होती. माणशी वर्षाला साडेचौदा आणे. क्षेत्रफळ १७,७१० चौरस मैल, म्हणजे १ कोटी १३ लाख एकर. एकरी वर्षाला साडेतीन आणे. देशातल्या उत्तम काळ्या जमिनींपैकी एक, साडेतीन आण्यांनी, आणि मुदत? कायमची.

निजामाच्या हातात जे आलं त्याला आजच्या भाषेत बेमुदत रोखा म्हणतात. मुद्दल कधीच परत नाही, व्याज कधीच थांबत नाही आणि कधीच वाढतही नाही. अशा कागदाची किंमत काढायला फक्त भागाकार लागतो. बाजारात व्याजाचा दर ५ टक्के असेल, तर वर्षाला २५ लाख देणाऱ्या कागदाची किंमत २५ लाख भागिले ०.०५, म्हणजे ५ कोटी. दर चढून १० टक्के झाला तर तोच कागद अडीच कोटींचा. दर ४ टक्क्यांवर उतरला तर सव्वासहा कोटींचा. कागद तोच, शाई तीच, येणारे पैसेही तेच. व्याजदर वर गेला की जुन्या रोख्याचा भाव खाली येतो आणि दर उतरला की भाव चढतो, हा रोखेबाजाराचा सगळ्यात महत्त्वाचा नियम. जितकी मुदत लांब तितका हा हेलकावा मोठा. सरकारी रोखा ‘सुरक्षित’ असतो याचा अर्थ मुदतीपर्यंत धरला तर पैसे येतात, इतकाच. मध्येच विकायला गेलात तर तोटा होऊ शकतो.

आणि दुसरा, हळू शत्रू महागाई. त्या २५ लाखांवर दोन महायुद्धं गेली, धान्याचे आणि कापडाचे भाव कितीतरी पट झाले, पण करारातला आकडा जागचा हलला नाही. इकडे जमिनीची वसुली, कापसावरचा पैसा, रेल्वेचं भाडं हे सगळं ज्याच्या हाती मुलूख होता त्याचं. मालक झाला धनको आणि धनको झाला मालक. रोखा आणि शेअर यांतला फरक वऱ्हाडला शिकवायला कोणाची गरज नव्हती. निजामाला कोणी शिकवला असता तर बरं झालं असतं.

आज सरकारच कर्जदार आहे आणि कर्ज देणारे आपण. थेट नसलो तरी बँकेतली ठेव, विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी यांचा मोठा भाग सरकारी रोख्यांतच जातो. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने व्याजासाठी ११ लाख ६३ हजार कोटी रुपये ठेवले होते. नुसतं व्याज. सेकंदांत भागलं तर दर सेकंदाला सुमारे ३ लाख ६८ हजार रुपये. निजामाला वर्षभराच्या मक्त्यापोटी मिळणारे २५ लाख आजचं केंद्र सरकार सात सेकंदांत व्याजापोटी देऊन टाकतं. (रुपयाची किंमत तेव्हाची आणि आताची एक नाही, हे कबूल. पण तोच तर मुद्दा.)

या व्याजातला वाटा थेट घ्यायचा तर तशी सोय १२ नोव्हेंबर २०२१ पासून आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेत कोणालाही विनाशुल्क खातं उघडता येतं आणि १० हजार रुपयांपासून सरकारी रोखे घेता येतात. ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलापासून पन्नास वर्षांच्या रोख्यापर्यंत. पन्नास वर्षांचा रोखा सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा काढला, त्याची मुदत २०७३ मध्ये संपेल. आज जन्मलेलं पोरही तेव्हा पन्नाशीकडे झुकलेलं असेल.

जिल्ह्यातला पैसा मात्र बहुतेक करून ठेवींत आणि पतसंस्थांत असतो, म्हणून एक आकडा इथे सांगायलाच हवा. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ माणशी, बँकेमागे ५ लाखांपर्यंत भरपाई देतं. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवर ‘बँकेपेक्षा दोन टक्के जास्त’ लिहिलेलं असतं, ते दोन टक्के याच फरकाचे असतात.

दोन टक्के जास्त म्हणणारा निदान माणसासारखं बोलतो. ‘महिन्याला दहा टक्के’ म्हणणाऱ्यासमोर मात्र कागद-पेन्सिल काढावी. १ लाख रुपये, महिन्याला १० टक्के, व्याज तिथेच ठेवत जायचं. वर्षाने ३ लाख १४ हजार. इथपर्यंत खरं वाटतं. दहा वर्षांनी ९२७ कोटी. पंधरा वर्षांनी २ लाख ८२ हजार कोटी. आणि १९ वर्षं ४ महिने झाले की ४०० लाख कोटी, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या सगळ्या कंपन्या एकट्या तुमच्या. ज्याला ही युक्ती खरोखर साधली आहे तो गावोगाव फिरून तुमचे पन्नास हजार कशाला मागेल? अशा योजना बंद पडल्यावर पोलीस ठाण्यात रांगा लागतात. त्या रांगेतल्या प्रत्येकाने गुणाकार बरोबर केलेला असतो.

चक्रवाढीचा खरा चमत्कार पाहायचा तर वाशिमहून खानदेशात, अमळनेरला जावं लागतं. २९ डिसेंबर १९४५ रोजी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी स्थापन झाली. मोहम्मद हाशम प्रेमजींची, वनस्पती तूप करणारी. गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले. १९६६ मध्ये प्रेमजी वारले आणि एकवीस वर्षांचा मुलगा, अझीम, स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून परतला. पुढे कंपनी तुपावरून संगणकांवर गेली, नाव झालं विप्रो.

१९८० मध्ये ज्याच्या ट्रंकेत १०० रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर होता, त्याने नंतर काहीही केलं नाही असं समजू. विकला नाही, नवा घेतला नाही. कंपनी अधूनमधून बोनस शेअर देत गेली, कधी एका शेअरचे तुकडे करून पाच किंवा दहा केले. २०१० पर्यंत त्या एका शेअरचे ९६ हजार झाले. २०१७ मध्ये एकास एक बोनस, २०१९ मध्ये तिनास एक, २०२४ मध्ये पुन्हा एकास एक. आज ५ लाख १२ हजार शेअर. एकेकाला २५० रुपये धरले तर १२ कोटी ८० लाख. लाभांश वेगळा.

इथे नवखा माणूस एक चूक हमखास करतो. त्याला वाटतं, बोनसमुळे श्रीमंती आली. बोनस आणि तुकडे यांनी कोणी श्रीमंत होत नाही. एकाचे दोन शेअर झाले की भाव त्याच दिवशी निम्मा होतो. श्रीमंती आली ती भाव निम्मा झाल्यावर कंपनीने नफा वाढवून तो पुन्हा वर नेला म्हणून, आणि हे एकदा नव्हे, पंचेचाळीस वर्षांत अनेकदा झालं म्हणून. पंचेचाळीस वर्षांत भागलं तर हा परतावा दर्शनी किमतीवर वर्षाला सुमारे ३७ टक्के पडतो. मध्येच फेब्रुवारी २००० चं शिखरही येऊन गेलं. त्यानंतर दीड-दोन वर्षांत हाच शेअर शेकडा ऐंशीहून जास्त घसरला. ट्रंकेची किल्ली हरवलेली असणं हाही एक गुंतवणुकीचा गुण म्हणावा लागेल.

अमळनेरची गोष्ट सगळे सांगतात. कारंज्याची कोणी सांगत नाही, म्हणून ती मी सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य लोहमार्गावर आणायला अरुंद रूळ टाकले. एक फाटा अचलपूरला, दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. हीच आपली शकुंतला रेल्वे. देशातल्या रेल्वे सरकारच्या ताब्यात गेल्या, पण ही तेवढी खासगी कंपनीचीच राहिली आणि सरकार स्वतःच्या देशातल्या रुळांसाठी तिला रॉयल्टी देत राहिलं. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. एकच इंजिन, सत्तर वर्षं. नंतर डिझेल आलं, आणि मग गाडीच थांबली.

कापूस दोघींच्याही परिसरात होता, दोघीही कंपन्याच होत्या, दोघींचेही कागद भागधारकांकडे होते. एकीने तूप सोडून संगणक धरला, दुसरीने रूळही बदलले नाहीत. १९४५ सरता सरता उभं राहून यातलं कोण टिकेल असं कोणाला विचारलं असतं, तर त्याने रेल्वेवरच पैसे लावले असते. रेल्वे होती, मक्तेदारी होती, मागे इंग्रज पेढी होती.

म्हणून नवशिक्याला एका कंपनीवर सगळं लावू नका असं सांगतात. सेन्सेक्स १ जानेवारी १९८६ रोजी सुरू झाला तेव्हा त्यात ३० कंपन्या होत्या. त्यातल्या मोजक्याच आज तिथे आहेत. बाकीच्या गळल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. पण १९७८-७९ ची पातळी १०० धरलेला तो निर्देशांक सप्टेंबर २०२४ मध्ये ८५ हजारांवर होता. ८५० पट. वर्षाला १६ टक्क्यांच्या आसपास, लाभांश सोडून. कुठली कंपनी विप्रो निघेल आणि कुठली शकुंतला, हे ओळखायची गरज नाही. निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा इंडेक्स फंड थोडक्या खर्चात हे काम करतो. ज्यांना ओळखायचंच आहे त्यांनी निदान एक भागाकार करावा: शेअरचा भाव भागिले शेअरमागे वर्षाचा नफा. उत्तर ४० आलं तर आजच्या नफ्याने पैसे वसूल व्हायला चाळीस वर्षं. शंभराला अडीच रुपये. सरकारी रोखा शंभराला सहा-सात देत असताना अडीच रुपयांसाठी शेअर घ्यायचा तो एकाच आशेवर, की नफा वाढेल. ती आशा कशावर टेकली आहे हे सांगता येत नसेल, तर शेअर घेऊ नये.

आणि नफ्याचा विचारही न करता नुसता भावावर डाव लावणाऱ्यांचा हिशेब? त्यासाठी आधी मानोरा तालुक्यात पोहरादेवीला येऊ. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान बंजारा समाजाच्या या काशीत आले होते. त्याच दौऱ्यात वाशिममधून पीएम-किसानचा अठरावा हप्ता सोडला गेला. ९ कोटी ४० लाख शेतकरी, प्रत्येकी दोन हजार, सुमारे २० हजार कोटी रुपये. वर्षातून असे तीन हप्ते. तीन वर्षांत नऊ हप्ते म्हणजे १ लाख ८० हजार कोटी.

बारा दिवस आधी, २३ सप्टेंबरला, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने एक अहवाल काढला होता. फ्युचर्स आणि ऑप्शन्स या वायद्याच्या सौद्यांत, म्हणजे एफ अँड ओमध्ये, उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींचा २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब त्यात होता. शंभरातल्या ९३ जणांना तोटा. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक.

म्हणजे देशातल्या साडेनऊ कोटी शेतकरी खात्यांत तीन वर्षांत सरकारने जेवढं घातलं, साधारण तेवढंच एक कोटी माणसांनी मोबाइलवर बोट फिरवून घालवलं. माणशी सरासरी दोन लाख. त्यातले जवळपास ५० हजार कोटी तर नुसते दलाली आणि शुल्कात गेले. हे लोक कोण? चारांतल्या तिघांहून अधिकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलेलं. शंभरातले ७२ देशातल्या तीस मोठ्या शहरांबाहेरचे. वाशिम काही त्या तिसांत नाही.

ही हाव नवी नाही, आणि तिच्या पहिल्या फेरीला भांडवल कापसानेच दिलं होतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानातल्या, वऱ्हाडातल्याही, कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत साचला आणि शेअरांवर कोसळला. समुद्र बुजवणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५० हजारांपर्यंत गेला. सगळे सौदे वायद्याचे, पुढच्या तारखेचे, १ जुलै १८६५ च्या. एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. १ जुलैला पैसे द्यायला कोणाकडे काही नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० वरून ८७ रुपयांवर आला. ती धूळ बसल्यावर दहा वर्षांनी, ९ जुलै १८७५ ला, ३१८ दलालांनी रुपया-रुपया प्रवेश फी भरून जी संघटना केली तीच आजचा मुंबई शेअर बाजार.

एफ अँड ओ ही गुंतवणूक नव्हे, हे सेबीच्या आकड्यांनंतर मी वेगळं सांगत नाही. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार म्हणजे महिन्याला पाचशे, आणि पाचशे हा पुष्कळ म्युच्युअल फंडांत एसआयपीचा, म्हणजे दरमहा गुंतवणुकीचा, किमान हप्ता आहे. वीस वर्षं, वर्षाला १२ टक्क्यांच्या हिशेबाने ४ लाख ९५ हजार होतात. जाहिरात इथे थांबते. आपण भागत राहू. महागाई ६ टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या ४ लाख ९५ हजारांत आजच्या दीड लाखाचाच माल येईल. तेच पैसे ७ टक्क्यांच्या रोख्यांत ठेवले तर २ लाख ६० हजार, आजच्या भावाने ८१ हजार. १२ टक्क्यांची हमी कोणी देत नाही, ७ ची सरकार देतं. आणि ऑक्टोबरातला हप्ता हरभऱ्याच्या बियाण्याला जातो हे शहरातल्या सल्लागाराच्या तक्त्यात नसतं.

त्या तक्त्यात आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे कर्ज. बँकेचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेमुळे व्याज शून्यावर येतं, त्याची धास्ती नको. पण शेकडा तीन रुपये महिना असं गावातून उचललेलं कर्ज असतं. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरीही ते असतं. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवत गेलं की शेकडा तीनचा दर वर्षाला ४२.६ टक्के होतो.

शंभर रुपये आणि पंचेचाळीस वर्षं घेऊ. ७ टक्क्यांच्या रोख्यात त्यांचे २,१०० होतात. सेन्सेक्सच्या मार्गाने ८५ हजार. अमळनेरच्या ट्रंकेत १२ कोटी ८० लाख. सावकाराच्या शेकडा तीनच्या वहीत ८५ कोटी. देशातला सगळ्यात गाजलेला शेअरही या वहीपुढे कमी पडतो. ज्याच्या नावावर अशी वही आहे त्याने हातात आलेला पहिला हजार तिच्यात भरला तर वर्षाला ४२.६ टक्के वाचतात. त्याला डिमॅट खातं लागत नाही, आणि बाजार पडला तरी तो आकडा कमी होत नाही.